'खराब' लिहिलेली टेप

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काहीच आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात टेप नव्हती. आम्हा कॅमेऱ्यांचं असंच असतं. पोटात टेप नसेल तर आम्ही नुसतं बघतो, लक्षात काही राहत नाही. वर्गात बसणारी काही मुलंही अशीच असतात, असं ऐकून आहे.

मला सोलापूरच्या बापूसाहेबांनी घेतलं. ते लग्नांचं शूटिंग करत. त्या काळी माझा फार मान होता. मी मंडपात शिरलो की माणसं आपोआप केस सारखे करत. ज्यांना केस नसत ते टोपी सारखी करत. करकंब गावच्या एका लग्नात एका आजोबांनी तर मला हात जोडले होते. मी तेव्हा बंद होतो, पण आशीर्वाद द्यायला चालू असावं लागतं असं कुठे आहे?

घरी आल्यावर बापूसाहेब मला तारेने कॉम्प्युटरला जोडत. काडेपेटीहून जरा मोठी अशी ती टेप माझ्यात फिरे आणि लग्न तिकडे उतरे. तासाभराची टेप उतरायला तासभरच लागतो, त्यात घाई चालत नाही. मग बापूसाहेब माणसांचे आवाज काढून टाकत आणि वर गाणी लावत. तेव्हा सगळेच तसं करत. सीडी तयार झाली की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरत. एकीच्या हळदीवर दुसरीची वरात बसे. त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

एकदा आम्ही मंद्रूपला गेलो. मायाक्का आणि जोतिराम यांचं लग्न होतं. माझं बटण एकदा दाबलं की मी चालू, पुन्हा दाबलं की बंद. अक्षतांपर्यंत सगळं ठीक झालं. मग आहेर सुरू झाले. आमच्याकडे आहेर करणाऱ्याचं नाव माईकवर पुकारतात, आणि तो सीडीत दिसावाच लागतो. नाहीतर दिलेलं न दिल्यासारखं होतं. म्हणून बापूसाहेबांनी नवी टेप घातली, आणि गडबडीत बटण एकदा जास्त दाबलं. तिथून सगळं उलटं झालं. ते मला डोळ्याला लावत तेव्हा मी बंद होई. थकून मला स्टेजवर खाली ठेवत तेव्हा मी चालू होई आणि इमानदारीत काम करी.

घरी येऊन बघतात तर टेपभर पाय. बापूसाहेबांनी कपाळावर हात मारला, टेपवर 'खराब' असं लिहिलं आणि ती खणात टाकली. आहेरांच्या जागी त्यांनी सीडीत गुलाबाची फुलं फिरवली. नवरीच्या मल्लिनाथमामांनी जोतिरामला टॉवेल-टोपी केली होती. सीडीत त्यांच्या जागी गुलाब आला. मामा जे रुसले, ते रुसलेच.

पुढे मोबाइल आले. मला खणात ठेवलं, शेवटच्या लग्नाची टेप पोटात तशीच राहिली. माझ्या एका बाजूला खराब टेप होती आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला मिक्सर. आमच्या खणात तोच काय तो बोलका, म्हणजे वर्षातून एकदा त्याचं झाकण पडे. कॉम्प्युटरवर बापूसाहेबांच्या बायकोने, कस्तुराबाईंनी, टॉवेल घालून लोणच्याची बरणी ठेवली. मित्रांनो, हळूहळू आपण कॅमेरा आहोत हेच मी विसरलो.

मग एका दुपारी एक मुलगी आली. तिचं नाव ऋतुजा, मायाक्काची मुलगी. वडील, म्हणजे जोतिराम, गाडीवरून तिला घेऊन आले होते, पण ते आत न येता उंबऱ्यावरच बसले.

"काका, आई गेली तवा मी रांगत होते," ऋतुजा म्हणाली. "तिचा आवाज मला ठाऊक न्हाय. सीडी बघते, तर आई तोंड उघडती आन आतनं सनई येती."

बापूसाहेबांनी खण ओढला. सनई त्यांनीच लावली होती. त्या लग्नाच्या चांगल्या टेपांवर कधीच दुसरी लग्नं बसली होती. खराब टेप तेवढी उरली होती, कारण खराब टेप कोण वापरतं?

"एक हाय," ते म्हणाले. "पर नुसतं पाय हायत त्यात."

"पाय तर पाय."

बरणी उतरली. टॉवेल निघाला. कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा यंत्रमाग घरात आणल्यासारखा खडखडाट झाला. बापूसाहेबांनी माझ्यातली जुनी टेप काढून पोट पुसलं, खराब टेप घातली आणि तिचं अंग मोकळं व्हावं म्हणून ती एकदा पुढे-मागे फिरवली. मला भीती वाटत होती. आम्ही म्हातारे कॅमेरे टेप चावतो. रागाने नाही, सवय मोडलेली असते म्हणून.

"पोरी, आदीच सांगतो," बापूसाहेब म्हणाले. "ह्यानं टेप चावली तर परत न्हाय मिळायची. लावू का?"

ऋतुजाने उंबऱ्याकडे पाहिलं. जोतिराम गाडीकडे तोंड करून बसले होते.

"लावा की," ते म्हणाले. "न लावून तरी कुटं बोलतीया ती."

मी दम धरला आणि फिरायला लागलो.

पडद्यावर पाय आले. चपला, बूट, खुर्चीखाली लपलेलं एक पोरगं. माईकवर कोणीतरी ओरडत होतं, "मल्लिनाथमामांकडून नवरदेवाला टॉवेल-टोपी!"

"आयला!" जोतिराम उंबऱ्यावरून म्हणाले. "मामास्नी हे ऐकवाय पायजे."

मग फार वेळ नुसते पायच. कस्तुराबाई चहा ठेवून उठल्या आणि पुन्हा बसल्या. ऋतुजा पडद्याजवळ सरकत गेली. माझ्यात कुठेतरी कुरकुर झाली, टेप फिरवणारा पट्टा घसरायला लागला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आता नको.

आणि हळद लागलेले दोन पाय पुढ्यात आले. वरून आवाज आला.

"बजे, लई भूक लागलीया गं. ह्यांचं आहेर संपत्यात का न्हाई?"

"गप की," करवली कुजबुजली. "नवरी हायस."

"नवरीला पोट नसतंय व्हय?"

उंबऱ्यावर जोतिराम हलले नाहीत. "भूक लागली की अशीच करायची," ते म्हणाले. "चिडायची नुसती."

तेवढ्यात चित्र अंधारलं. कोणीतरी वाकलं होतं. मुंडावळ्या बाजूला सारून एक आडवा चेहरा माझ्यासमोर आला आणि थेट माझ्याशी बोलला. माझ्यासमोर लोक बोलत, पण माझ्याशी असं कोणीच बोललं नव्हतं.

"चालू हाय व्हय रं तू?"

चेहरा हसला.

"मग पाय तरी नीट काढ. पैंजण नवं हायत."

चेहरा वर गेला. पाय माझ्या अगदी समोर आले, नीट जुळवून ठेवलेले. आणि अंगठे हलले.

ऋतुजाने तोंडाला ओढणी लावली. मग तिने आपल्या पायांकडे पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब, अगदी पडद्यावरच्यासारखं. तिने अंगठे हलवून बघितले.

जोतिराम केव्हा आत येऊन तिच्यामागे उभे राहिले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, ते बरं झालं.

टेप शेवटपर्यंत उतरली. बापूसाहेबांनी ती बाहेर काढायचं बटण दाबलं. मी एकदा घरघरलो आणि थांबलो. माझ्या पोटाचं दार उघडेना. ते पेचकस शोधायला उठले.

"नको, काका," ऋतुजा म्हणाली. "ऱ्हाऊ दे आत. तितंच बरी हाय."

आता मी मंद्रूपला ऋतुजाच्या घरी असतो, चादरीत गुंडाळलेला. मी चालत नाही. बाजूला मोबाइल असतो, त्यात मायाक्काचा आवाज आहे, आणि तो रोज एकदा तरी भुकेवरून भांडतो. मल्लिनाथमामांना त्यांच्या आहेराचा पुकाराही ऐकवला. ते म्हणाले, "टोपी बी होती, तेवढं ध्यानात ठिवा," आणि जेवायला बसले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठेतरी अशी टेप असेल. तिच्यावर 'खराब' लिहिलं असेल तर ती आधी उतरवून घ्या, आमचे पट्टे तुटायच्या आत. आणि वर गाणी लावू नका.

कधी कधी ऋतुजा चादर बाजूला करते, वाकते आणि मला विचारते, "चालू हाय व्हय रं तू?"

मी बंद असतो. पण ती पाय जुळवून समोर ठेवते, आणि मी बघतो.