अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

टक, टक. चालू आहे मी. बोटाने ठोकू नका मित्रांनो, छातीत दणका बसतो.

मी एक जुना माईक आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावच्या सरकारी हायस्कुलात राहतो. मला डोळे नाहीत. माणूस मला कळतो तो हातावरून आणि श्वासावरून. मानेपाशी माझी वायर उंदराने कुरतडली आहे. त्यामुळे बोलता बोलता माझा आवाज तुट

खर्र

तुटतो. असा तुटला की जरा थांबा. पुढचं सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिला हात मात्र आठवतो. तो गावच्या मुंबई मंडळातल्या एका माणसाचा होता. दुकानात मला तोंडाशी धरून तो म्हणाला, "हॅलो, गाववाल्यांनू." दुकानदार हसला. मंडळाने मला शाळेला भेट दिलं आणि मी कोकणात आलो.

ती माझी ऐन उमेदीची वर्षं. सकाळी परिपाठ, प्रतिज्ञा, बातम्या. स्नेहसंमेलनात राजाचं भाषण आणि राक्षसाचं हसणं. दहावीचा निकाल जाहीर करताना मुख्याध्यापक मला दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. पाहुणे म्हणायचे, "माईक खणखणीत हाय हो तुमचा."

मग ब्लूटूथचा स्पीकर आला. त्याला वायर नव्हती आणि दिवे होते. मला कपाटात खडूंच्या खोक्यामागे ठेवलं. उंदराची आणि माझी ओळख तिथलीच.

तिथून मला बाहेर काढणारं एकच माणूस उरलं, नववीतली शमिका. मधल्या सुट्टीत ती मला हातात धरायची आणि भाषणाचा सराव करायची. बटण बंद असायचं. बंद माईकला ऐकू येत नाही असं माणसांना वाटतं. एकदा ती भाषणाच्या मध्येच थांबली आणि माझ्या जाळीशी कुजबुजली, "आई म्हणते, वर्ग हितून गेला तर तू मुंबईला काकीकडं जा. तिचं बाळ सांभाळ. शाळेचं मग बघू."

थोड्या वेळाने म्हणाली, "मग बघू म्हंजे काय, ते मला ठाऊक हाय."

झालं होतं असं. मुलांचा पट कमी झाला म्हणून वरून निरोप आला होता. पालक कबूल असतील तर आठवी ते दहावीचे वर्ग रत्नागिरीच्या मोठ्या शाळेत न्यायचे. सकाळची गाडी ठीक होती. पण संध्याकाळची गाडी काळोख पडताना सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच्या, फाट्यावर सोडते. तिथून गावापर्यंत उघडा कातळ, माणूस नाही, घर नाही. शमिकाचे वडील गंगाराम मुंबईला नोकरीत, आई मथुरा काजूच्या कारखान्यात. फाट्यावर न्यायला जाणार कोण? आणि एकटी पोर चालत येणार, हे मथुरेला मान्य नव्हतं.

सभा शिमगा संपता संपता ठेवली, कारण तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावात असतात. नवा स्पीकर पालखीपुढे नाचायला गेला होता. तो अंगभर गुलाल घेऊन परत आला आणि मुका झाला. म्हणून मला बाहेर काढलं.

टेबलाशी तालुक्याच्या शिक्षण खात्याचे साहेब बसले होते. देशावरून नुकतेच बदलून आलेले. शेजारी शाळा समितीचे अध्यक्ष आत्मारामअण्णा. देवळात गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, घालायचा मान यांचाच. शिमगाभर ओरडून त्यांचा घसा बसला होता. आधी सगळ्यांची मतं घ्यायची, पालकांची आणि विद्यार्थ्यांचीही, मग हात वर करायचे, असं ठरलं होतं.

मी हातोहात फिरू लागलो. जे आलं ते असं आलं.

बर्फाने गारठलेला हात. हा निलेश, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर टेम्पोने बर्फ पोचवतो:
"राग मानू नका, मी खरं तेच बोलतो. गणिताला मास्तर नाय. संस्कृतच्या बाई गणित शिकवतात. प्रयोगशाळेला कुलूप हाय नि किल्ली कोणाकडं ते कोणालाच ठाऊक नाय. माझा रितेश हुशार पोर हाय. त्यानं हितं बसून काय कर"

खर्र

त्याचा मुलगा रितेश, घामेजलेला हात:
"बाबा म्हणतात ते बरोबर हाय. पण कबड्डीत आमीच पयले येतो."
"कबड्डीवर नोकरी लागते काय रे?" मागून कोणीतरी. हशा.

खरखरीत, चुलीचा वास असलेला हात. तुळसाआजी:
"माझ्या नातीला, सानवीला ताप आलेला तवा ह्या मृणालीबाई घरी आल्या. रत्नागिरीची बाई येल काय सडा उतरून?"
"तुज्याकडं चाय मिळतो म्हणून येतात गो, आजी." पुन्हा मागून कोणीतरी.
"तुला कदी इचारला काय चाय? मग गप."

अगदी थंड हात. मुख्याध्यापिका मृणालीबाई:
"माझी नोकरी यात अडकली आहे. त्यामुळे माझं मत धरू नका."

खर्र. कोणीतरी मला ओढलं. दुसऱ्याने परत ओढलं. "तुमची पोरं इंग्लिश मीडियमला, तुमी कशाला बोलता?" "तुमची तरी कुठं हितं हायत?" बाक सरकले. आवाज चढत गेले. तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "गाऱ्हाणं न घालता सभा सुरू केलात, मग भांडणं होनारच."

ते सगळ्यांना पटलं. मी अण्णांच्या हातात गेलो. माणसं उभी राहिली. चपला काढल्याचा आवाज झाला.

"बा देवा म्हाराजा."
"व्हय म्हाराजा."
"आज ही तुजी लेकरं हायस्कुलाच्या कामासाठी हितं जमल्यात."
"व्हय म्हाराजा."
"त्यांच्यात जो काय वाद आसंल, तो मिटव."
"व्हय म्हाराजा."
"परमुलखात जी लेकरं हायत, त्यांची राखण कर."
"व्हय म्हाराजा."
"आनी हायस्कुलाचं हे वर्ग रत्नागिरीच्या मोठ्या शाळेत जावंत, पोरांचं कल्यान व्हावं."
"व्हय म्हाराजा."

शेवटचा होकार पहिल्याइतकाच जोरात आला. त्यात निलेश होता, तुळसाआजी होती, मथुरा होती. शमिकाही होती, मित्रांनो. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिचा आवाज मी चुकणं शक्य नाही. शिमगाभर पालखीपुढे ज्या ओठांनी व्हय म्हटलं, त्याच ओठांनी तिने आपले वर्ग जाण्यालाही व्हय म्हटलं.

आपण काय बोललो ते कळायला माणसाला थोडा वेळ लागतो.

साहेबांना तेवढा वेळ लागला नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा. एकमताने मंजूर. इतकं चांगलं गाव मी पाहिलं नाही." अण्णा खाली बसले. मी टेबलावर पडलो.

"साहेब, ते गाऱ्हाणं होतं," मृणालीबाई म्हणाल्या.

"असेल. पण सगळे हो म्हणाले ना? मी माझ्या कानांनी ऐकलं."

तुळसाआजी पुटपुटली, "देवाला व्हय म्हटलं. आता नाय कसं म्हनायचं?" आणि ती पुटपुट बाकाबाकावरून मागे गेली. आलेल्या कामाचं नाव गाऱ्हाण्यात घालतात, ही रीतच आहे. अण्णांची जीभ त्या रीतीने घसरली, की त्यांनी ती मुद्दाम घसरू दिली? मला माहीत नाही. तेव्हा त्यांचा तळहात कोरडा होता, एवढंच सांगतो.

मला उचललं गेलं. लहान हात, नखं कुरतडलेली. शमिका.

"झालं ना आता, बाय," अण्णा म्हणाले.

"मुलांचं मत घेणार म्हणालात, अण्णा. माझं ऱ्हायलंय."

"घेऊ द्या की," निलेश म्हणाला. "पोर हाय."

तिचा श्वास माझ्या जाळीवर दोनदा आपटला. "आमची शाळा चांगली ना"

खर्र

तिने अंगठ्याने माझी वायर दाबून धरली.

"चांगली नाय. निलेशकाका बोलले ते सगळं खरं हाय. मला बीजगणित येत नाय, नि ते शिकवताना बाईंनाबी घाम येतो. पण मोठ्या शाळेत मी जानारच नाय. रितेश जाईल, त्याच्या घरी टेम्पो हाय. मी मुंबईला काकीचं बाळ सांभाळनार, सानवी घरी बसनार. तुमी इचारताय, चांगली शाळा पायजे की वाईट? आमाला तसं निवडायलाच नाय. आमाला ही शाळा, नायतर कायच नाय."

बायकांच्या बाजूने, मथुरा होती तिथून, कोणीतरी हळूच हुंकारलं.

"पोरी, तुजं पटतंय मला," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज आता देवळातला नव्हता. "पण शब्द गेला. देवापुढचा शब्द मागं घेता येत नाय."

"गाऱ्हाणं पुरं झालं कुठं, अण्णा?"

हा आवाज माझ्यातून गेला नाही. तो लांबून, बायकांच्या बाजूने आला. मथुरा उभी राहिली होती. सभेत ती कधी बोलली नव्हती. "चुकलं-माकलं पदरात घे, म्हटलात काय तुमी? साहेबांनी टाळ्या वाजवल्या नि तुमी बसलात."

मित्रांनो, कुठलंही गाऱ्हाणं याच शब्दांनी संपतं. आमच्या हातून काही चुकलं असेल तर ते पोटात घाल, असं देवाला सांगायचं आणि मगच थांबायचं. त्याआधी थांबलं तर ते उघडं राहतं. आणि उघडं गाऱ्हाणं टाकून घरी जायला इथला कोणीही धजत नाही.

"खरं गो," तुळसाआजी म्हणाली. "अर्धं ऱ्हायलं."

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. "मला पुढच्या गावाला जायचंय."

"अण्णा, एक ओळ तर ऱ्हायलीय," निलेश म्हणाला. "म्हना नि मिटवा."

ते सोपं होतं. ती एक ओळ म्हटली की गाऱ्हाणं बंद झालं असतं आणि ठराव त्याच्या पोटात राहिला असता. अण्णांनी मला शमिकाच्या हातातून घेतलं. तळहात ओला होता. शमिका तिथेच उभी होती, हलली नाही. वायर मात्र तिने दाबून धरली होती.

"बा देवा म्हाराजा."

कोणीच व्हय म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात हे प्रथमच घडलं. माणसं ऐकत होती.

अण्णांनी मला तोंडाच्या आणखी जवळ धरलं.

"म्हाराजा, काय चुकलं-माकलं आसंल, म्हनतो आमी दरवेळी. यावेळी चुकलंय. जे मानसांना इचारायचं, ते मी तुला सांगून टाकलं. तुज्या आड बसून त्यांचा होकार घेतला. तेवढा होकार ज्याचा त्याला परत दे. बाकीचं पदरात घे."

बाहेर पालखीचा एक ढोल कुठेतरी वाजत होता.

"व्हय म्हाराजा," निलेश म्हणाला. एकटाच.

मग तुळसाआजी. मग एक चाकरमानी. मग कोणी इथून, कोणी तिथून, जसं ज्याचं ऐकून झालं तसं. शेवटी साहेबांनी पेन उघडलं, आधीचं लिहिलेलं खोडलं आणि म्हणाले, "बरं. हात वर करा."

हात मला दिसत नाहीत. पण वर्ग इथेच राहावेत म्हणून हात वर झाले तेव्हा बांगड्यांचा मोठा आवाज झाला, आणि साहेबांना मोजायला बराच वेळ लागला.

वर्ग राहिले. निलेशने रितेशला रत्नागिरीच्या शाळेत घातलं, आणि त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. गणिताचा मास्तर मागायला गावची माणसं तालुक्याला दोनदा जाऊन आली. मास्तर अजून आलेला नाही. संस्कृतच्या बाईंना अजून घाम येतो. शमिका दहावीत आहे. तिला बीजगणित थोडं थोडं यायला लागलंय, असं ती परवा मला म्हणाली. थोडं म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही.

मी म्हातारा झालो. मला फडक्याने पुसा, वायर नीट गुंडाळा, एवढं तर मी मागणारच. पण मित्रांनो, मला हातात घेऊन कोणी तुमच्या शाळेबद्दल, तुमच्या गावाबद्दल, तुमच्याबद्दल काही बोलू लागलं, तर वाक्य पुरं होऊ द्या. मग व्हय म्हणा, नाहीतर नाय म्हणा. सवयीचा होकार मला लगेच ओळखू येतो. तो देण्याआधी माणसाने श्वास घेतलेला नसतो.