मूठभर राख

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुडीबाबाने हात वर केला आणि सगळे चिडीचूप झाले.

"गोळ्या फेका! पोटातल्या लेकराला विष पाजताय? माझी पुडी म्हणजे निव्वळ राख. राखेनं कधी कुणाचं वाकडं झालंय?"

टाळ्या कडाडल्या. नणंद मात्र दातओठ खात होती. शेजारी तिची गरोदर वहिनी भर दुपारी पेंगत होती.

वहिनीला लहानपणापासून फिट्स यायच्या. दिवस राहिले आणि सासूने तिच्या गोळ्या कचऱ्यात टाकून पुडी सुरू केली. फिट्स खरोखरच थांबल्या! सासूबाईंना बाबाचे गुण किती गाऊ नि किती नको असं झालं. पण वहिनी कारखान्यात शिवणयंत्रावर बसल्याबसल्या झोपू लागली, तेव्हा नणंदेच्या मनात पाल चुकचुकली. मग एकदा पुड्या संपल्या, नव्या आणायच्या राहिल्या आणि वहिनी कारखान्यातच फीट येऊन धाडकन कोसळली.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाला.

"मेल्या, राख चुकली म्हणून कुणाला फीट येते का?" नणंद घरी येऊन करवादली. नवी पुडी आली तशी त्यातली चिमूटभर पूड तिने वहिनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी ती तपासून घेतली. आज त्याही शेजारीच बसल्या होत्या.

नणंद ताडकन उठली. "बाबा, निव्वळ राखच ना? मग मूठभर खाऊन दाखवा!"

"देवाची परीक्षा बघतेस?"

"देवाची कशाला? तुमची."

"आज माझा उपास आहे."

"राख उपासाला चालते हो!"

लोक खो खो हसले. बाबाने राखेच्या डब्यात हात घातला, घाम पुसला आणि झाकण लावून टाकलं.

"कसा खाईल?" डॉक्टरीणबाई उठल्या. "राखेत फिट्सचंच जुनं औषध कुटून घातलंय. मोजमाप काही नाही. मूठभर खाल्लं तर बेशुद्ध पडेल. गुण आला तो औषधाचा, नाव झालं याचं."

वहिनीची झोप उडाली. "मग माझं बाळ?"

"तू कोसळलीस तेव्हा तपासले ना, ठोके नीट आहेत. पण पोटात किती औषध गेलंय, ते या लबाडाला तरी कुठे ठाऊक? आता तपासण्या करत राहायचं. अगं, दिवस राहिले तेव्हाच आली असतीस, तर गोळ्या बघून लागतील तशा बदलल्या असत्या. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. पण आपल्या मनाने गोळी बंद करून मोठी फीट आली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं."

"मीच फेकल्या गं गोळ्या," सासू रडू लागली. बाबा मागच्या दाराकडे सरकला, पण लोकांनी दार आधीच अडवलं होतं.

पुढच्या रांगेत एक गरोदर बाई हातातली पुडी भिरकावणार, तोच वहिनीने तिचा हात धरला.

"थांब ताई! एकदम बंद केलीस तर माझ्यासारखी कोसळशील. ही पुडी घेऊन आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. आणि यापुढे कुणी काही खायला दिलं, तर हात जोडायच्या आधी विचार, यात आहे काय?"