खडूचं घर

माझ्या नवऱ्याने मला अहो-जाहो करायला सुरुवात केली, तेव्हा आधी मला हसूच आलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेली. घरात 'अहो' म्हणायचं मी आणि 'अगं' म्हणायचं ह्यांनी, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेताना हे म्हणाले, "तुम्ही उगाच त्रास घेतलात." मला वाटलं, कुठल्यातरी नाटकातलं वाक्य असेल. ह्यांची ती खोड जुनीच. मीही ठसक्यात म्हटलं, "त्रास कसला, आमचं कर्तव्यच आहे ते!" हे हसले नाहीत. मान लववून त्यांनी माझे आभार मानले आणि परक्याच्या घरी प्यावा तसा, आवाज न करता चहा प्यायले.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, एक लांबलचक नाव सांगितलं आणि यापुढे हळूहळू आणखी विसरत जातील म्हणाले. विसरणं मी चालवून घेतलं असतं. चष्मा विसरा, गल्ली विसरा. लेकीचा वाढदिवस तर हे ठणठणीत असतानाही विसरायचे. पण हा मान मागितला होता कोणी? बायकोला नवऱ्याकडून मान नको असतो असं नाही, पण असला नको. मला माझं 'अगं' परत हवं होतं. एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी मी वाटेल ते केलं असतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आमची नाटकमंडळी ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमते. सगळे हौशी. दिवसभर पोटापाण्याचं बघायचं आणि संध्याकाळी सहा ते आठ दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य जगायचं. दिग्दर्शक म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिंपी. मापाची पट्टी गळ्यातून काढायला विसरतात आणि नटांना सांगतात, "जरा डावीकडे. दीड इंच." नायिका विम्याच्या ऑफिसात आहे, म्हणून सगळे तिला विमाताई म्हणतात. विमाता म्हणजे सावत्र आई, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही आणि मी तर सांगणारच नाही. हे पस्तीस वर्षं मंडळाचे नायक. आणि मी? मी घर काढते.

म्हणजे असं, की नाटकाच्या खऱ्या भिंती उभ्या राहतात थेट प्रयोगाच्या दिवशी. तोवर तालमीला घर कुठून आणायचं? मग जमिनीवर खडूने आखायचं. इथे दार, इथे खिडकी, इकडे स्वयंपाकघर, या दोन रेघा म्हणजे पायऱ्या. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. कुठे पाणी मुरतंय ते कागदावर बोट ठेवून दाखवायची. तेव्हा हे काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. दोरी ताणायची, खडू ओला करायचा आणि रेघ ओढायची. ओल्या खडूची रेघ वाळली की पायांनी सहजी पुसली जात नाही. मग आठ वाजता बादली आणि फडकं घेऊन ते सगळं घर पुसून टाकायचं, कारण सकाळी तिथे लोक वर्तमानपत्रं वाचायला येतात.

सहाच्या सुमाराला हॉलच्या मोठ्या खिडक्यांतून ऊन आडवं आत येतं. खडूची भुकटी हवेत तरंगत असते, कुणाचाच आवाज चढलेला नसतो. त्या पिवळ्या उजेडात शहाणीसुरती माणसं नसलेलं दार उघडतात, नसलेल्या खिडकीशी उभी राहून नसलेला रस्ता बघत बसतात. इतक्या वर्षांत त्यातलं कोणी भिंतीतून आरपार गेलेलं मी पाहिलं नाही. आमचा औषधांच्या दुकानवाला नाटकात शेजारी होतो. एकदा त्याचा फोन वाजला. बायको बाळंत व्हायची होती, फोन दवाखान्यातून होता. गडी धावत सुटला, पण खडूच्या दाराशी थबकला, कडी काढली, बाहेर पडला, वळून दार लोटून घेतलं आणि मगच फोन कानाला लावला. मुलगी झाली होती. आम्ही सगळे घराबाहेर जाऊन नाचलो.

यंदा मास्तरांनी मंडळाचं सगळ्यात जुनं नाटक काढायचं ठरवलं. मला म्हणाले, "वहिनी, त्याला घेऊन या. तरुणपणी पाठ केलेलं आहे, निघालं आतून तर निघालं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर खुर्चीत बसवू. खुर्चीला माणूस लागतोच."

मी धाकधुकीतच नेलं. घरी ह्यांना न्हाणीघर सापडेनासं झालं होतं. कपाट उघडून शर्टांकडे बघत उभे राहायचे. पण खडूच्या घराशी आले आणि ह्यांची पाठ सरळ झाली. दारातून आत गेले. दोन पायऱ्या चढले, खिडकी लावून घेतली, खुर्चीत बसले. एक पाऊल चुकलं नाही. विमाताई दारातून आली तसे हे वळून म्हणाले, "अगं, आलीस? किती उशीर!"

वाक्य नाटकातलंच होतं. विमाताई म्हणाली, "छत्री विसरले होते. परत गेले." त्यावर हे म्हणाले, "मी दिवा लावून ठेवलाय." बस, एवढंच. मास्तरांचे डोळे भरून आले, औषधवाल्याने टाळ्या वाजवल्या. आणि मी रेघेच्या बाहेर, कोणी अडलं तर वाक्य पुरवायला वही धरून बसले होते, तिथे माझा जळफळाट झाला. रोज संध्याकाळी सव्वासहाला माझं 'अगं' त्या विमेवालीला मिळणार होतं.

घरी मी करून पाहिलं. खुर्ची तशीच ठेवली, बाहेर जाऊन आत आले आणि म्हटलं, "छत्री विसरले होते. परत गेले." हे घाईघाईने उठून उभे राहिले. "अरेरे," म्हणाले, "तुम्ही माझी घेऊन जा ना. दाराजवळच आहे." आणि खरंच छत्री आणून माझ्या हातात दिली. आपल्याच घरात हातात छत्री घेऊन मी कितीतरी वेळ उभी होते. जाणार तरी कुठे?

प्रयोगाला पंधरा दिवस राहिले असताना विमाताईला ऑफिसने चार दिवस प्रशिक्षणाला पाठवलं. मास्तर गळ्यातली पट्टी ओढत माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही प्रॉक्सी उभ्या राहा." गैरहजर माणसाच्या जागी उभं राहून त्याची वाक्यं म्हणायची, याला आमच्यात प्रॉक्सी म्हणतात. अभिनयाची अपेक्षा नसते. जागा भरली म्हणजे झालं.

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"अहो, पस्तीस वर्षं घरं बांधताय. एकदा आत तर या."

त्या संध्याकाळी दार आखलं. रेघ जराशी वाकडी आली. सव्वासहाला मी बाहेर उभी राहिले. कडी काढली. आत पाऊल टाकलं आणि खोटं कशाला बोलू, हवा बदलली. बाहेरून मला नुसती जमीन दिसायची. आतून ते घर होतं. उन्हाने भरलेलं, खिडकीबाहेर रस्ता असलेलं. हे खुर्चीतून वळले. माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "अगं, आलीस? किती उशीर!"

माझं वाक्य पार उडालं. जन्मभर बाहेर बसून लोकांना वाक्यं पुरवली, आणि स्वतःची पाळी आली तर तोंडातून शब्द फुटेना. वही मास्तरांच्या हातात होती, पण तेही बघतच राहिले होते. तेव्हा हे किंचित पुढे झुकले आणि ओठ न हलवता, सराईत नट देतो तसं, मला म्हणाले, "छत्री. छत्री म्हण."

"छत्री विसरले होते," मी म्हटलं. "परत गेले."

"मी दिवा लावून ठेवलाय."

चार संध्याकाळी मी त्या घरात राहिले. ते 'अगं' माझं नव्हतं, नाटकातल्या बाईचं होतं, हे काय मला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. तरी घेतलं. तहान लागल्यावर कोणी नळ कुणाच्या नावावर आहे ते विचारत नाही. आठ वाजता मी गुडघ्यांवर बसून भिंती पुसायची, आणि जिना उतरताना हे माझ्या कोपराला हात देऊन म्हणायचे, "सांभाळून हं. तुम्हाला अंधारात दिसतं ना नीट?"

पाचव्या दिवशी विमाताई परत आली. मी बाहेर जाऊन वही घेऊन बसले.

प्रयोगाच्या दिवशी फळ्यांच्या आणि कापडाच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि हे दारातच अडले. आत जाईनात. घर ओळखीचं वाटेना. पडदा उघडायला दहा मिनिटं होती. मी खडू ओला केला, रंगमंचावर रांगत गेले आणि प्रत्येक भिंतीच्या पायाशी माझी रेघ ओढून दिली. मग हे चालायला लागले. पूर्ण दोन अंक खाली बघत, रेघेरेघेने चालले. बाहेर पडताना एक प्रेक्षक दुसऱ्याला सांगत होता, "म्हातारा मान वर करत नाही, बघितलंस? काय बारकाई आहे कामात!"

आणि नाटक संपलं. एकच प्रयोग असतो आमचा. पुढचं नाटक सहा महिन्यांनी. हॉल बंद, खडूचा डबा कपाटात.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आठवायला नको वाटतात. हे जास्त जास्त सभ्य होत गेले. मी खोलीत गेले की उठून उभे राहायचे. एका संध्याकाळी मी ह्यांच्या पायांना तेल चोळत होते, तर म्हणाले, "अहो, तुमची घरी कोणी वाट बघत असेल. निघा आता." मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. लेकीचा फोन आला, तिला म्हटलं, पाणी भरतेय.

रविवारी दुपारी मी जेवणाचं टेबल भिंतीला लोटलं. सोफा ओढत गॅलरीत नेला; कंबरेने चांगलाच निषेध नोंदवला. सतरंजी गुंडाळली. दोरी ताणली, खडू ओला केला. आमची बैठकीची खोली हॉलपेक्षा लहान, म्हणून सगळं पाऊण मापाने घेतलं. दार, खिडकी, दोन पायऱ्या, स्वयंपाकघर. मधोमध खुर्ची. मास्तरांनी पाहिलं असतं तर दीड इंच काढलाच असता कुठूनतरी.

हे झोपेतून उठून बाहेर आले. जमिनीकडे बघितलं. शर्टाची कॉलर नीट केली, दारातून आत गेले, पायऱ्या चढले, खिडकी लावली आणि बसले. मी जिन्यापर्यंत जाऊन परत आले. कडी काढली.

"अगं, आलीस? किती उशीर!"

"छत्री विसरले होते. परत गेले."

"मी दिवा लावून ठेवलाय."

इथे शेजारी यायचा असतो. शेजारी आपल्या दुकानात खोकल्याचं औषध विकत होता. आता काय, म्हणून मी तशीच उभी राहिले. पुढचं वाक्य नव्हतं, म्हणजे घरही आता जाणार असं वाटलं. पण हे खुर्चीत आरामात मागे रेलले. "उभी का? बैस ना," म्हणाले.

मी पायरीवर बसले. ह्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"त्या बाई गेल्या का?"

"कोण बाई?"

"अगं, त्या नाही का, सकाळपासून असतात त्या. चहा देतात, गोळ्या देतात. शर्टाची बटणं लावतात. रात्री मी घाबरून उठलो की दिवा लावून बसून राहतात, मला झोप लागेपर्यंत." ह्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. "फार करतात गं माझं. परक्या माणसाचं कोण करतं एवढं?"

मी पायरीच्या रेघेवरून बोट फिरवत राहिले.

"आणि मी इतका मूर्ख, त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. आता इतके दिवस झाल्यावर विचारायचं म्हणजे लाज वाटते. तू विचारून ठेवशील?"

"विचारते," मी म्हटलं.

"नक्की विचार हं. तू विसरतेस."

"नाही विसरणार," मी म्हटलं.