वाढत्या अंगाचा पंप

भाऊजींनी खोक्यातून पंप बाहेर काढला तेव्हा त्यांच्या बायकोनं, थोरलीनं, तो दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि विचारलं, "हा कुणाच्या मापाचा?"

भाऊजी नुसते हसले. या घरात कुठलीच वस्तू मापाची येत नसे. लहानपणी दोघा भावांचे सदरे वाढत्या अंगाचे शिवले जात. बाह्या दुमडून ते घालायचे, आणि अंग सदऱ्यात भरेपर्यंत सदरे विटून जायचे. धाकट्याची ती सवय सुटली, भाऊजींच्या अंगी मात्र मुरली. त्यांच्या चपला अजूनही एक नंबर मोठ्या असत. चार माणसांच्या घरात त्यांनी आणलेला कुकर पलटणीला पुरला असता. पंपही तसाच आला होता. तासाला तीस लिटर द्रावण ओढणारा, निळा, जड, दिसायला रुबाबदार. आज दोन शेड आहेत, उद्या चार होतील, तेव्हा पुन्हा खर्च नको, असं त्यांचं म्हणणं.

या दोन शेड थोरलीच्या होत्या. टोमॅटो, कोबी, वांगी यांची रोपं ती ट्रेमध्ये वाढवी आणि भाजी पिकवणारे ती घेऊन जात. पाणी क्षारांनी जड होतं, म्हणून खताच्या द्रावणात थोडं आम्ल घालून ते पाण्यात मिसळावं लागे. हे काम ती स्वतः करी. बादली घेऊन टाकीच्या शिडीवर चढायचं, ओतायचं, काठीनं ढवळायचं. इतकी वर्षं केल्यावर उजव्या खांद्यानं असहकार पुकारला. डॉक्टरांनी वजन उचलायची बंदी केली. म्हणून पंप. कॅनमधलं द्रावण थोडं थोडं ओढून तो पाण्याच्या नळीत सोडणार होता, आणि छताखाली रुळावर फिरणारा फवाऱ्यांचा दांडा ते पाणी ट्रेंवर शिंपडणार होता. कुणालाही शिडी चढायची गरज नव्हती.

धाकटी जाऊ पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. भाऊजी तिला 'प्रयोगशाळा' अशीच हाक मारत. पंप आला तेव्हा ती परगावी होती. परत आली तोवर पंप भिंतीवर बसला होता, आणि थोरली पहिली खेप फेकून देत होती.

रोपांवर पट्टे उठले होते. ट्रेंच्या रांगेत एका ठिकाणी पानांच्या कडा करपलेल्या, मग बरंच अंतर रोपं फिकट आणि उपाशी, मग पुन्हा करपलेली. नेहमीच्या गिऱ्हाइकानं ट्रे गाडीत चढवलेच नाहीत. वाईट असं तो काही बोलला नाही. घरी सगळे बरे आहेत का, एवढं मात्र त्यानं दोनदा विचारलं. थोरलीला ते वाईट बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिला वाटलं, रोग असेल. ट्रे धुतले, माती बदलली, बियाणं बदललं. दुसरी खेप उगवली ती तशीच पट्टेरी.

पलीकडच्या फुलवाल्याला दोन्ही शेड भाड्यानं हव्या होत्या. तो अधूनमधून दारात डोकावून जाई. दुसऱ्या खेपेनंतर थोरलीनं त्याला सांगून टाकलं की आणखी एक खेप पाहते, तीही बिघडली तर किल्ल्या घेऊन जा. रात्रीच्या जेवणाला काय करू, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तिनं ही गोष्ट घरी सांगितली. भाऊजी ताटातल्या भाताशी खेळत राहिले. शेडमध्ये शिरल्यावर थोरलीची चाल बदलते, हे धाकटीनं कितीदा पाहिलं होतं. घरात ती पाय ओढत चाले. तिथे तसं नसे.

रविवारी सकाळी धाकटी शेडमध्ये गेली तेव्हा थोरली टेबलावर वाकून हाताची वीत टाकत होती. डाव्या हातानं, कारण उजवा वर होत नव्हता.

"काय मोजताय, ताई?"

"बघ की. या करपलेल्यापासून त्या करपलेल्यापर्यंत सहा विती. तिथून पुढच्यापर्यंत पुन्हा सहा." ती सरळ झाली. "रोग असा वीत टाकत येतो का गं?"

धाकटीनं मापपट्टी आणून पाहिलं. सहा विती म्हणजे सव्वा मीटर, प्रत्येक वेळी. शिवाय दुसऱ्या शेडमध्येही पहिला पट्टा टेबलाच्या कडेपासून पहिल्या शेडइतक्याच अंतरावर होता. रोगाला दोन्ही शेडमध्ये अंतर इतकं काटेकोर पाळण्याचं काही कारण नव्हतं. यंत्राला होतं.

ती खाली बसली आणि दांडा चालू करायला सांगितलं. दांडा आणि पंप एकाच बटणावर चालत. दांडा जाताना पाणी देई आणि कोरडाच परत येई. ती डोळे मिटून ऐकत राहिली. पंपाचा ठोका पडला, टक्. मग बराच वेळ नुसती पाण्याची सर. मग पुन्हा टक्. तेवढ्या वेळात दांडा सव्वा मीटर पुढे सरकलेला असे.

आता सगळं उलगडलं. त्यांना मिनिटाला फक्त वीस मिलिलिटर द्रावण हवं होतं, चहाच्या चार चमच्यांइतकं. भाऊजींनी तो मोठा पंप इमानदारीनं अगदी खाली आणून ठेवला होता, आणि मिनिटाचा हिशेब बरोबरही होता. पण या पंपाचा एक ठोका म्हणजे एक अख्खा चमचा. त्याहून लहान घोट त्याला घेताच येत नव्हता. म्हणून तो मिनिटाला चारच घोट सोडी, आणि प्रत्येक घोट नळीतून एका गठ्ठ्यानं जाई. तो ज्या ट्रेंवर पडे ते करपत. मधल्यांना नुसतं जड पाणी मिळे. बटण दाबल्यावर पहिला ठोका रोज त्याच क्षणी पडे, म्हणून पट्टेही रोज त्याच जागी.

थोरलीला तिनं हे लगेच सांगितलं. थोरली म्हणाली, "यांना कसं सांगायचं?"

अडचण तीच होती. पंप आणल्यापासून भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत होते. खांदा बायकोचा दुखत होता, पण झोप यांची उडाली होती. आपण काहीतरी केलं, या समाधानावर ते जरा सावरले होते.

धाकटीनं तोंडानं काहीच सांगितलं नाही. घरातली एक जुनी पांढरी चादर आणली, रिकाम्या टेबलावर अंथरली, आणि दुसऱ्या कॅनमध्ये कपड्यांची नीळ दाट कालवून पंपाची नळी त्यात सोडली. मग भाऊजींना हाक मारून बटण दाबायला सांगितलं.

दांडा चादरीवरून गेला. मागे निळा पट्टा उमटला, मग पांढरं, मग निळा पट्टा, मग पांढरं. भाऊजी दांड्याच्या बरोबरीनं टेबलाच्या टोकापर्यंत चालत गेले, आणि तसेच परत आले.

"चादर झकास छापून निघाली," ते म्हणाले. मग, पंपाकडे न बघता, "म्हणजे हा माझाच उद्योग."

थोरली म्हणाली, "तुमचा नाही. तुमच्या त्या दुमडलेल्या बाह्यांचा."

ते हसले, पण अर्धंच. लगेच त्यांनी तोडगा सुचवला. द्रावण दहापट पातळ करू. मग पंपाला दहापट ठोके द्यावे लागतील, पट्टे जवळजवळ येतील, मिसळून जातील. तोडगा चुकीचा नव्हता. धाकटी क्षणभर त्यावर विचार करत राहिली. कागदावर हा पंप तसा चालला असता.

"पण भाऊजी, आत्ता एक कॅन आठवडाभर पुरतो. तसं केलं तर आठवड्याला दहा कॅन. ते कालवायचे, ढवळायचे, इथवर आणायचे. कुणी?"

भाऊजींनी बायकोच्या खांद्याकडे पाहिलं. तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं सुट्टी टाकली आणि भाऊजींना घेऊन ती पंपवाल्याच्या दुकानात गेली. दुकान अरुंद होतं, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, आणि मधल्या टेबलावर उघडलेल्या पंपांची पोटं. पंपवाला गळ्यात चष्मा अडकवलेला, बोलका माणूस होता. त्यानं सवयीनं विचारलं, जास्तीत जास्त किती लिटर? धाकटी म्हणाली, आधी एका ठोक्यात कमीत कमी किती ते सांगा.

मग तिनं लागेल ते सगळं त्याच्यापुढे ठेवलं. मिनिटाला किती द्रावण, नळीतलं पाणी किती जोरात, द्रावणात आम्ल कुठलं आणि किती. रबराच्या साध्या कड्या त्या आम्लानं फुगतात, म्हणून कड्या न फुगणाऱ्या हव्यात आणि आतल्या झडपेच्या गोळ्या चिनीमातीच्या. शिवाय पंप वर फळीवर बसणार आणि कॅन खाली जमिनीवर राहणार, म्हणून खालून ओढून घेणारा हवा. कॅन उचलून वर ठेवणं थोरलीच्या खांद्याला झेपणार नाही.

पंपवाल्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, मागच्या खोलीत गेला, आणि धूळ झटकत एक छोटं खोकं घेऊन आला. पंप जेमतेम ओंजळीत मावेल एवढा. तासाला दोन लिटर, त्याहून जास्त नाही. पण घोट थेंबाथेंबाचा. त्यांच्या कामाला तो मिनिटाला नव्वद ठोके देणार होता, क्षमतेच्या निम्म्याहून थोडा वर, म्हणजे दमणारही नाही आणि झोपाही काढणार नाही.

पंपवाल्यालाच तो द्यायचा धीर होईना. "ताई, अगदीच बेताचा होतोय हा. उद्या आणखी शेड टाकल्यात तर?"

धाकटी उत्तर जुळवत होती. शेड वाढाव्यात अशी तिचीही इच्छा होती, आणि वाढणार नाहीत असं या दुकानात उभं राहून म्हणणं तिच्या जिवावर आलं.

"तेव्हा दुसरा घेऊ," भाऊजी म्हणाले.

त्यांनी खोकं स्वतः उचललं. वाटेत ते एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. इतक्या हलक्या वस्तूवर विश्वास ठेवायला वेळ लागत असावा.

छोटा पंप बसला, तेव्हा भाऊजींनीच चादर धुऊन आणली. नीळ कालवली. थोरली हाताची घडी घालून लांब उभी राहिली. टकटकटक असा बारीक, न थांबणारा आवाज सुरू झाला, आणि दांड्यामागे चादर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिकी निळी होत गेली. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. भाऊजींनी ती उन्हात वाळत घातली आणि दिवसभर काढू दिली नाही.

पण चादर म्हणजे रोप नव्हे. तिसरी खेप पेरल्यावर घरात कुणी तिचं नाव काढेना. धाकटी कामावरून आली की आधी शेडकडे वळे, दारातून पाही आणि चहा ठेवायला जाई. दोन पानं आली. मग चार. फुलवाला एकदा येऊन नजर टाकून गेला.

ठरल्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा थोरली टेबलाशी होती. ती त्याच्याकडे वळली नाही. कडेपासून वीत टाकत निघाली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तिथे थांबून तिनं पानं उलटून पाहिली. पुढे आणखी सहा. पुन्हा पाहिली. मग मोजणं सोडून तिनं तळवा रोपांच्या शेंड्यांवरून तसाच फिरवत नेला, टेबलाच्या टोकापर्यंत. हिरवं सपाट होतं. हात कुठेच अडखळला नाही.

"किल्ल्या मलाच लागणार आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला उगीच ताटकळत ठेवलं."

फुलवाल्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. रोपं पाहून तो मान डोलावत राहिला, फळीवरचा छोटा पंप वाकून न्याहाळला, आणि असलं काही आपल्याकडे बसेल का, असं त्यानं विचारलं. त्याच्या शेड मोठ्या होत्या, सहा-सात.

भाऊजी तीरासारखे आत गेले आणि मोठ्या पंपाचं खोकं पोटाशी धरून बाहेर आले. धुऊन पुसून त्यांनी तो पंप कधीचा तयार ठेवला होता. धाकटीनं काही म्हणायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते मध्येच थांबले. खोकं त्यांनी खाली जमिनीवर ठेवलं आणि वर एक पाय टेकला.

"मिनिटाला पाणी किती देता?"

फुलवाल्याला ते सांगता येईना. भरपूर देतो, म्हणाला.

"भरपूर म्हणजे किती?" भाऊजी म्हणाले. "आधी मोजून या. मग बघू, हा तुमच्या मापाचा आहे का."

थोरली तोवर दुसऱ्या टेबलाकडे गेली होती.