एकशे सत्तर सेंटीमीटर

आमच्या अतिदक्षता विभागात दोन दीडशहाणे डॉक्टर आहेत. एक मापवाले, दुसरे दाबवाले. नावं आम्हीच ठेवलेली. फुप्फुसं सुजलेल्या पेशंटला मशीनने श्वास द्यायचा कसा, यावरून दोघांचं दोन वर्षं वाजलेलं. मापवाले म्हणतात, दर श्वासाला किती मिली हवा जायची ते ठरवा. दाबवाले म्हणतात, हवेचा दाब ठरवा. शेवटी त्यांनी अभ्यास काढला. विषम खाटांवर माप, सम खाटांवर दाब, आणि कोणाची माणसं जास्त जगतात ते बघायचं. नवरा मरो की नवरी मरो, यांना आपल्या तक्त्याशी काम.

एवढं मात्र दोघांनाही मान्य, की श्वास छोटा हवा. आजारी फुप्फुसात जास्त हवा कोंबली तर ती आणखी खराब होतात. आणि छोटा म्हणजे किती, ते उंचीवरून ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं काही वाढत नाहीत.

पाच नंबरच्या खाटेवर न्यूमोनियाची एक बाई चार दिवस मशीनवर होती. मशीन सारखं बोंबलत होतं, दाबाचा आकडा अडतीसच्या खाली येईना. मापवाले रोज यायचे, कोटाच्या खिशात हात घालून म्हणायचे, "आजारच हट्टी आहे." नाचता येईना, अंगण वाकडं.

त्या बाईची थोरली बहीण शिवणकाम करते. भेटायच्या वेळेला ती दुकानातून तशीच आली, टेप गळ्यातच होती. मी फाइल भरत होते, ती बाजूला उभी राहून वाचत होती.

"एकशे सत्तर कोणाची उंची?"

"तुमच्या बहिणीची."

"काहीतरीच काय, सिस्टर. ती माझ्या खांद्याला लागत नाही. तिचे कपडे मी शिवते."

टेप तिनेच काढली. एक टोक मी टाळूपाशी धरलं, दुसरं तिने टाचेपाशी. एकशे सेहेचाळीस. म्हणजे दर श्वासाला दोनशे चाळीस मिली जायला हवी होती, आणि जात होती तीनशे सत्तर.

मी मापवाल्यांना बोलावून सांगितलं.

"मोजलं कशाने?" ते हसले. "शिवणकामाच्या टेपने?"

"तुमच्याकडची दाखवा, सर, तिने मोजते."

"मध्येच आकडा बदलला तर ही अभ्यासातून बाद होईल."

"नाहीतर जगातून बाद होईल. तुम्ही बदलता, की दाबवाल्या सरांना बोलावू?"

माणूस मरतोय म्हटल्यावर जो हात खिशातून निघाला नव्हता, तो हे ऐकल्यावर लगेच निघाला. आकडा दोनशे चाळीसवर आला, दाब सत्तावीसवर उतरला आणि मशीन गप्प झालं.

मग मी अभ्यासातल्या सगळ्या फाइली काढल्या. अकराच्या अकरा पेशंट एकशे सत्तर. दाबवाल्यांचेसुद्धा. उंची टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नाही, म्हणून एका निवासी डॉक्टरने पहिल्या दिवशी एक आकडा टाकला, आणि तोच सगळ्यांना चिकटला. एवढे मोठे विद्वान, दोन महिने श्वासांची तुलना करतायत, आणि माणूस किती लांब आहे हे बघायला एकालाही वाकवलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे मेले. माझं तोंड सुटलं होतं, आणि मला बरंही वाटत होतं.

मापवाल्यांनी शांतपणे एक फाइल माझ्यासमोर धरली. उंचीच्या खाली छापलेलं होतं, 'प्रत्यक्ष तपासली'. त्याच्यापुढे सही माझी. अकरा फाइलींवर, अकराही वेळा.

ते निघून गेले. शिवणवाली बहिणीचा हात धरून बसली होती.

"सिस्टर, चार दिवस जास्त हवा गेली, त्याने तिची फुप्फुसं आणखी बिघडली असतील?"

"असतील. आज सांगता येत नाही."

"न मोजता लिहिलं कोणी?"

त्या दोघांची नावं माझ्या जिभेवर तयार होती.

"डॉक्टरांनी," मी म्हटलं. "आणि तपासली म्हणून सही मी केली."

तिने मला खालपासून वरपर्यंत एकदा पाहून घेतलं. त्या दोघांकडे मी दोन वर्षं जशी बघत आले, अगदी तशी.