तीन दशांश मैल

टेबलावर एकूण त्रेपन्न वस्तू होत्या. वाळवलेल्या जेवणाच्या दहा पिशव्या, प्रत्येकी सरासरी सहाशे वीस ग्रॅम. एक तंबू, एक स्लीपिंग बॅग, एक पातेलं, दोन चमचे, मोज्यांचे तीन जोड, एक शिट्टी, आणि बाकी किरकोळ. मी एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिहीत होते. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे नऊ वाजले तरी तळ्यावरचं धुकं उठायचं नाव घेत नव्हतं, आणि त्या धुक्याच्या आत कुठेतरी पाणकोंबडीसारखा पक्षी लांब सूर काढून हाका मारत होता.

सामान माझ्या आत्याचं, डेल्फीनचं. वय एकसष्ट. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या आमच्या गावात ती पोस्टाची गाडी चालवते. गेली एकोणीस वर्षं, ऑगस्ट संपता संपता, ती दहा दिवसांची रजा काढते आणि दोन हजारांहून जास्त मैल लांब ॲपलेशियन पायवाटेचा एक तुकडा एकटी चालून येते. दक्षिणेला जॉर्जियापासून सुरुवात केली होती. चालत चालत ती घराजवळ आली. आता शेवटचे शंभर मैल राहिले होते. त्या शंभर मैलांत एकही दुकान नाही, आणि शेवटी, पायवाट जिथे संपते तो कटाडिनचा डोंगर.

सप्टेंबरअखेर तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर पाठीवर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे जे काय ते याच ऑगस्टात.

"दोन चमचे?" हार्लन म्हणाला.

हार्लन शेजारचा. आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत होता. आता दर वसंतात डबा आणि ब्रश घेऊन पायवाटेवरच्या झाडांच्या पांढऱ्या खुणा पुन्हा रंगवतो. निघण्याआधी आपलं सामान दुसऱ्याकडून उपसून घ्यायचं आणि तो फेकेल ते मुकाट्याने फेकू द्यायचं, असा चालणाऱ्यांचा रिवाज आहे. आत्याला यातलं मुकाट्याने कधीच जमलं नाही.

"एक हरवला तर?"

"तर बोटं आहेत. दहा. खात्री करायची तर या पोरीकडून मोजून घे. ती मुंग्यासुद्धा मोजते."

"मुंग्या नाही, शेवाळाचे नमुने," मी म्हटलं. "त्याच्यावर मला पदवी मिळालीय."

"शेवाळावर पदवी!" हार्लनने चमचा खिडकीत ठेवला. "माझ्या छपरावर ये मग, डॉक्टरेट होईल."

तिसरा मोज्यांचा जोड गेला. साबणाची वडी अर्धी झाली. आत्या प्रत्येक वस्तूमागे एक शिवी हासडत होती, पण चेहरा हसरा होता. शेवटी सगळं पिशवीत भरून काट्यावर टांगलं. चौदा किलो दोनशे ग्रॅम.

मग तिने नकाशे आणले. पायवाटेचे नकाशे लांबट पट्ट्यांसारखे असतात. एकोणीस वर्षांच्या पट्ट्या तिने व्हरांड्याच्या फळ्यांवर एकाला एक जोडून पसरल्या. टोकं उडू नयेत म्हणून आम्ही त्यांवर तळ्यातले गोटे ठेवले. पट्ट्या व्हरांडाभर फिरून पायऱ्यांपर्यंत गेल्या. प्रत्येकीवर तिने पेन्सिलीने आपली वाट गिरवली होती.

तिने पायमोजे काढले आणि नकाशावरून अनवाणी चालू लागली. टाचेखाली जॉर्जिया, मग टेनेसी. चालताना ती पुटपुटत होती. इथे अस्वलाची पिल्लं झाडावर. इथे पेन्सिल्व्हेनियाचे दगड. इथे मला कोणी तरी टरबूज दिलं, नाव न सांगता गेलं. धुकं एव्हाना व्हरांड्यात शिरलं होतं, आणि तिची पावलं कधी कागदावर पडत होती आणि कधी खरोखरीच्या ओल्या पाचोळ्यावर, हे माझ्या कानांना नीट कळेना. मीही गुडघ्यांवर रांगत तिच्या मागून निघाले, पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवून.

न्यू हॅम्पशायरच्या पट्टीवर माझं बोट घसरलं.

तिथे पायवाटेपासून जरा खाली एक लाकडी निवारा आहे, तीन भिंतींचा, चौथी बाजू उघडी. त्याच्याकडे निळ्या खुणांच्या दोन आडवाटा जातात. एक दक्षिणेकडून उतरते, दुसरी उत्तरेकडे वर चढते. आत्याची रेघ पहिलीने खाली उतरली होती आणि दुसरीने वर आली होती. दोन्ही वाटा मुख्य पायवाटेला जिथे मिळतात, त्यांच्यामधल्या भागात कागद कोरा होता; पायवाटेचा तेवढा तुकडा तिने गाळला होता. शेजारी बारीक अक्षरांत अंतर छापलेलं: ०.३ मैल.

मी तीनदा पाहिलं. मग गप्प बसावं का, याचाही विचार केला. साधारण एक मिनिट केला असेल.

"आत्या, इकडे ये जरा."

ती आली, वाकली, गुडघा दुखला म्हणून थेट बसलीच. बराच वेळ तिने त्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली ती पूर्ण झाकली जात होती.

"रात्रभर पाऊस होता," ती म्हणाली. "सकाळी पाणी भरायचं होतं, झरा त्या उत्तरेच्या वाटेवर. भरलं आणि तशीच पुढे गेले. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"अगं, असं अर्ध्या लोकांचं होतं," हार्लन म्हणाला. "पूर्ण पायवाट चालल्याच्या दाखल्याचा अर्ज आपला आपण भरायचा. कार्यालयात कोणी पेन्सिलीच्या रेघा तपासत नाही. कोण विचारणार आहे तुला?"

"कोणीच नाही."

"मग?"

"मग कटाडिनवर उभी राहून मी काय म्हणू? बहुतेक सगळं चालले?"

हार्लनने टोपी काढून डोकं खाजवलं. "मी तिथल्या खुणा रंगवल्यात एकदा. सुंदर फर्न आहेत, कमरेएवढे. तेवढं बघायला जा, माझी काही हरकत नाही."

ती जागा गाडीने चार तासांवर आणि मग चार मैल चढ. जाऊन यायला दोन दिवस. रजा दहा दिवसांचीच, पुढे वाढणार नव्हती. मी वही उलटी करून हिशोब मांडला. शंभर मैलांना उरणार आठ दिवस. रोज साडेबारा मैल, आणि चालायचे तास नऊ. म्हणजे मैलाला त्रेचाळीस मिनिटं. गेल्या वर्षी तिला मैलाला पन्नास लागली होती, पण तेव्हा गुडघ्यावर पट्टा नव्हता आणि हार्लनने सामानही इतकं उपसलेलं नव्हतं. जेवणाच्या दोन पिशव्या कमी होतील, तेवढं वजन उतरेल.

"या वेगाने त्या तुकड्याला किती मिनिटं आली?" आत्याने विचारलं.

"तेराला थोडी कमी."

"मग तेरा. चार मैल चढून गेल्यावर, पाठीवर सगळं सामान घेऊन. जास्त लागली तर मी घरी येईन आणि गुडघा कापून घेईन. कमी लागली तर परवा कटाडिनच्या वाटेला."

"एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, आत्या."

"गुडघा एकच आहे ना? मग मोजणीही एकच."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निवाऱ्यापाशी पोचलो. चढाने तिचा चेहरा लाल झाला होता, आणि पिशवीत आठच दिवसांचं जेवण असूनही पट्ट्यांचे वळ खांद्यांवर उठले होते. दहा मिनिटंसुद्धा ती बसली नाही.

"तू उत्तरेच्या टोकाला जाऊन थांब," ती म्हणाली. "माझ्याबरोबर चालायचं नाही. एकटीने चालायचं म्हणजे सगळं एकटीने. दक्षिणेच्या टोकावरून मी शिट्टी मारली की घड्याळ लाव."

"पडलीस तर?"

"तर दोनदा मारेन. जा आता, हेडमास्तरीण."

मी निळ्या वाटेने वर गेले आणि जिथे ती मुख्य पायवाटेला मिळते तिथे एका बर्चच्या झाडाला टेकून उभी राहिले. समोरच्या झाडावर पांढरी खूण होती, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. कुठेही वारा नव्हता. फर्नची पानं कडेने पिवळी पडायला लागली होती आणि ऊन त्यांतून इतकं सावकाश खाली येत होतं, की ते मध्येच थांबलंय असं वाटावं. जमिनीतून मशरूमचा आणि ओल्या सालीचा वास येत होता. दूर खाली शिट्टी वाजली, एकदाच. मी बटण दाबलं.

मग बराच वेळ काहीच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातल्या त्या पट्ट्या आल्या, आणि वाटलं की आता या क्षणी त्यांपैकी एकीवर पेन्सिलीची रेघ आपोआप पुढे सरकत असेल, कोऱ्या कागदावरून, मुंगीच्या वेगाने. एक खार माझ्या बुटावरून गेली. एक थ्रश पक्षी वरून खाली उतरता सूर लावून गप्प झाला. घड्याळाकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि पाहत होते. आठ मिनिटं. दहा. साडेअकरा.

आधी काठ्यांचा आवाज आला, दगडावर टिक, टिक, मधे विसावा नसलेला. मग फर्नच्या वरून तिची निळी टोपी, वरखाली होत. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती फक्त झाडावरच्या त्या पांढऱ्या खुणेकडे पाहत चालत होती, उजवा पाय जरा बाहेरून फिरवत, तोंडाने काहीतरी मोजत. खुणेपाशी पोचून तिने सालीवर तळहात टेकवला.

मी बटण दाबलं.

"बोल," ती म्हणाली.

बारा मिनिटं, चौतीस सेकंद.