ओकाच्या पिंपाची तहान

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी पिंप आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावात, धनराजभाऊंच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, विठ्ठलमंदिराच्या भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. अंगावर लोखंडाचे सहा पट्टे आहेत. ते गंजले आहेत, पण सुटलेले नाहीत. माझा जन्म झाला द्राक्षाचा रस सांभाळण्यासाठी, आणि आज माझ्या पोटात आहे विहिरीचं साधं पाणी. हे असं कसं झालं ते ऐकायचं असेल तर जरा जवळ सरका. देवळातल्या कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर माझी कथा होऊन जाईल.

मी मूळचा इथला नाही. समुद्रापलीकडे एक थंड मुलूख आहे. तिथे वर्षाचे तीन-चार महिने बर्फ पडतं. त्या थंडीत ओक नावाचं झाड अगदी सावकाश वाढतं, म्हणून त्याचं लाकूड घट्ट होतं. त्या झाडाचा मी. कारागिरांनी माझ्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या आणि पट्ट्यांत बसवल्या. ना खिळा, ना डिंक. मग मी गळत कसा नाही? मित्रांनो, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या फळ्या ओलाव्याने एकमेकींना धरून असतात. पोटात ओल असली की त्या फुगतात आणि गळ्यात गळे घालतात. कोरडा पडलो की फटी पडतात, पट्टे खाली घसरतात, आणि पिंपाचा होतो फळ्यांचा ढीग.

माझ्या मुलखात द्राक्षाची वेल बर्फात झोपते आणि वर्षातून एकदाच फळते. तिथली द्राक्षं पुरती गोड होईपर्यंत थंडी येऊन ठेपते, म्हणून तिथली वाईन हलकी आणि आंबटसर. मी तिथून जहाजाने निघालो तो थेट नाशिककडच्या एका वाईनच्या कारखान्यात आलो. तिथे मला नवलच वाटलं. तिथली वेल झोपतच नाही! बर्फच नाही तर झोपणार कशी? माणसंच कात्री घेऊन तिला उठवतात. उन्हाळ्यात एकदा छाटतात ती फळ धरणारी काडी तयार व्हावी म्हणून, आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा छाटतात ती फळासाठी. मग माघाच्या आसपास घड पिकतात. दिवसाचं ऊन त्यांच्यात गोडी भरतं आणि रात्रीची थंडी आंबटपणा राखते. कमी थंडीच्या भागातून द्राक्षं आली की त्यांचा रस जड आणि गोडमिट्ट असे. तिथले जाणते म्हणत, गोडी काय, सूर्य फुकट वाटतो. आंबटपणा मात्र थंडीकडून मागून घ्यावा लागतो.

त्या कारखान्यात धनराजभाऊ कामाला होते. माझ्या लाकडातून थोडा रस हवेत उडून जातो, तितका ते दर महिन्याला पुन्हा भरत. उडून गेला त्याला ते नैवेद्य म्हणत. भरताना गावाकडचं एखादं भजन गुणगुणत. किती वर्षं मी तो आवाज ऐकला! पुढे माझ्या लाकडातला सुगंध रसात उतरून संपला, आणि जुनं म्हणून मला बाहेर काढलं. इतर पिंपांच्या कुंड्या झाल्या. मला धनराजभाऊंनी मागून घेतलं. मला ट्रकवर चढवताना त्यांनी माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाले, "चाल, आता आपल्या गावच्या द्राक्षानं तुले भरतो."

त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. घरी बायको रंभाबाई, दहा वर्षांची मुलगी दिव्यानी. धानाच्या बांध्या, शेताचे ते लहान तुकडे, फार नव्हत्या. त्यामुळे वर्षातले दहा महिने भाऊ नाशिकला असत. घरामागे ऐंशी वेली लावायच्या, त्या पिकल्या तर आणखी लावायच्या. द्राक्षं घ्यायला कारखाना तयार होता, पण चव जमली तर. चव जमली की नाशिकची खोली सोडून घरी यायचं, कायमचं.

मी सपरीत आलो तेव्हा गावात कुजबुज झाली. दारूचं पिंप देवळाच्या भिंतीला? इसरूबुवा आमच्या गावचे कीर्तनकार. धानाची शेती करतात आणि सप्ताहात वीणा घेऊन उभे राहतात. ते म्हणाले, "घागरीत काल काय होतं ते काऊन इचारता? आज काय आहे ते पाहा." आणि त्यांनी स्वतः विहिरीच्या पहिल्या दोन घागरी माझ्यात ओतल्या.

भाऊ परत नाशिकला गेले. जाताना रंभाबाईला सांगून गेले, याला कोरडं पडू देऊ नको. झालं! त्या दिवसापासून ती माऊली रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची आणि हातात गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, घेऊन माझ्याकडे यायची. दिवसभरात माझं पाणी जितकं खाली गेलं असेल तितकं भरायची. वास येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा सगळं पाणी बदलायची. शेजारचा लच्छू कुंपणावरून चिडवायचा, "रंभाबाई, धनराजभाऊ तिकडे नाशिकची हवा खाते, अन् त्याच्या वाटचं पाणी हे पिंप पिऊन राह्यलं."

रंभाबाई हसायची. पण मित्रांनो, भरताना तिचा एक हात माझ्या कडेवर असायचा, आणि तो हात लवकर निघत नसे.

भाऊंनी जाण्याआधी परसात लावलेल्या ऐंशी वेली वर्षभरात तारांवर चढल्या. दसऱ्याला भाऊ सुट्टी काढून आले, नाशिकसारखीच छाटणी केली आणि गेले. फाल्गुनात द्राक्षं पिकली. तेव्हा नाशिकला तोडणीची घाई, त्यामुळे भाऊंना येता येईना. रंभाबाईने पेटी भरून पाठवली. तिकडून फोन आला की द्राक्षं गोड आहेत, पण चव बोदी, सपक आहे. नुसतं साखरपाणी. पुढच्या वर्षी तेच. फाल्गुनात आमच्याकडे ऊन असं तापतं की दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. मणी सुकून सुरकुतले होते. कारखान्यातल्या माणसांनी भाऊंना सांगितलं, तुमचा मुलूख द्राक्षाचा नाही.

त्या श्रावणात भाऊंचा फोन आला तेव्हा रंभाबाई माझ्याजवळच उभी होती. भाऊ म्हणाले, दिवाळीत येतो आणि वेली उपटून टाकतो. ते पिंपही कोणाला द्यायचं तर देऊन टाक. रंभाबाईने हातातला गडवा माझ्या कडेवर ठेवला. मग तिने भलतंच विचारलं.

"तिकडे द्राक्षं पिकते तवा रातच्याले अंगावर काय घेता?"

"दोन घोंगड्या. काऊन?"

"काई नाई," ती म्हणाली. "आपल्या इथी द्राक्षं पिकते तवा मी अंगणात बिनाचादरीची झोपतो."

त्या आठवड्यात देवळात सप्ताह होता. भिंतीपलीकडून मृदंगाचा नाद माझ्या फळ्यांतून घुमायचा, आणि मला माझं रसावाचूनचं रिकामपण जरा कमी जाणवायचं. इसरूबुवांनी एक दृष्टांत सांगितला. एक भाविक सासुरवाडीला राहायला गेला. आपल्या गावच्या जत्रेची तिथी त्याने सासऱ्यालाच विचारली. सासऱ्याने आपल्या गावची सांगितली. बिचारा नारळ घेऊन आपल्या गावी पोचला तर मंडप सोडलेला, पताका उतरलेल्या. बुवा म्हणाले, "देव घरीच होता, बापा. तूच दुसऱ्याच्या तिथीनं आला."

मंडळी हसली. रंभाबाई हसली नाही. कीर्तन उरकल्यावर ती गडवा घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या कडेला बोटं लावून मोजू लागली. मित्रांनो, कोणत्या महिन्यात मी किती पाणी पितो हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. वैशाखात पाच गडवे. फाल्गुनात तीन. कार्तिकात एक. आणि पौषात? पौषात अर्धाच गडवा. आमच्या मुलखातली थंडी कधी येऊन बसते आणि कधी निघून जाते, ते माझ्या तहानेवर लिहिलेलं होतं आणि तिने ते तीन वर्षं रोज वाचलं होतं. घड पौषात पिकायला हवेत तर छाटणी चार-साडेचार महिने आधी. तिने बोटांवर मागे मोजत नेलं आणि बोट पोळ्यावर येऊन थांबलं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, दिव्यानी आपला लाकडी नंदी सजवून गावातून फिरवून आली. आणि तिसऱ्या दिवशी रंभाबाईने कात्री उचलली. भर पावसाळ्यात! लच्छूने कपाळावर हात मारला. ऐंशीच्या ऐंशी वेली तिने एकटीने छाटल्या. भाऊंना कळवलं नाही. पावसाने कोवळी पालवी सडेल ही भीती होतीच, आणि बारा-पंधरा वेली सडल्याही. तेव्हा इसरूबुवांनी सप्ताहाच्या मंडपाची ताडपत्री काढून दिली. रोगट पानं ती हाताने खुडायची. भाद्रपदाचा तो महिना मी तिला बसलेली पाहिली नाही. तरी संध्याकाळचा गडवा एकदाही चुकला नाही.

दिवाळीला भाऊ आले. मागच्या दाराने वेली उपटायची सब्बल, म्हणजे पहार, घेऊनच परसात गेले आणि तिथेच थांबले. वेलींवर मटाराएवढे हिरवे मणी लटकले होते.

"कोणाले इचारून छाटलं?" भाऊंचा आवाज चढला होता.

रंभाबाई शांतपणे म्हणाली, "पिंपाले इचारून."

भाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने सगळा हिशेब सांगितला, महिन्यागणिक गडव्यांचा. भाऊ मांडी घालून ऐकत राहिले, जसे कीर्तनात ऐकतात. सब्बल त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि नाशिकला निघून गेले.

संक्रांतीला पुन्हा आले. नाशिकची तोडणी सुरू व्हायला अजून महिना होता, आणि आमचे घड मात्र काळेभोर झाले होते. सकाळी अंगणात शेकोटी होती, दिव्यानी घोंगडी पांघरून बसली होती. भाऊंनी एक मणी तोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. रंभाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. भाऊंनी दुसरा मणी खाल्ला. तिसरा खाल्ला. मग जबड्याला हात लावून म्हणाले, "आहे. आंबट आहे."

त्या एका शब्दासाठी त्या घराने तीन वर्षं वाट पाहिली होती.

सगळी मिळून पाच पेट्या भरल्या. एक काल्याच्या प्रसादाला देवळात गेली. बाकीच्या नाशिकला पोचल्या, आणि तिकडून निरोप आला की आणखी वेली लावा. एवढ्याशा द्राक्षांनी माझं पोट काही भरायचं नाही. अजून तीन-चार वर्षं लागतील, आणि भरायला लायक वेली झाल्या तेव्हा मी लायक असेन का, कोण जाणे. त्या रसाची आठवण मला रोज येते, खोटं कशाला बोलू?

पण त्या संध्याकाळची गोष्ट राहिलीच. भाऊंची पिशवी भरून दारात ठेवली होती. चंद्रपूरची गाडी यायची होती. रंभाबाईने दिवा लावला आणि रोजच्यासारखी गडवा घेऊन माझ्याकडे आली. भाऊ मागून आले आणि तिच्या हातातून गडवा घेतला.

"आता किती लागते?"

"अर्धा."

त्यांनी अर्धा गडवा सावकाश ओतला. "अन् फागुनात?"

"तीन."

"मंग फागुनात मीच टाकीन," भाऊ म्हणाले. रंभाबाईने पदर डोळ्यांना लावला. दिव्यानीने कोणी न सांगता दारातली पिशवी उचलली आणि आत नेली. थोड्या वेळाने फाट्यावर गाडीचा भोंगा वाजला आणि गाडी निघून गेली.

ऐका, देवळात टाळ वाजू लागले, तुम्हाला जायला हवं. जाता जाता या म्हाताऱ्या पिंपाचं एक मागणं ऐका. तुमच्याही घरी कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत बसलेलं असेल. एखादं माणूस, एखादी वेल, एखादी जुनी वस्तू. त्यांना पूर्ण भरून टाकणं तुमच्या हाती नसेल. पण मित्रांनो, वाट पाहणाऱ्याला कोरडं पडू देऊ नका. रोज अर्धा गडवा तरी ओता. तेवढ्यावर आम्ही धरून राहतो.